मंदीवाल्यांची वकिली, क्लासवाल्यांशी भांडण

बाजार आपटला की चेंबूरमध्ये दोन आवाज उठतात. डायमंड गार्डनमध्ये फेऱ्या मारणारी निवृत्त मंडळी म्हणतात, "हे मंदीवाल्यांचं पाप आहे, शॉर्ट करणं बंदच करून टाका." तर स्टेशनकडे जाताना खांबावर चिकटवलेला कागद सांगतो, "बाजार पडला तरी कमवा, शनिवार-रविवार क्लास." मला दोन्ही अमान्य आहेत; दुसरं जास्त.

पहिल्यांचा आक्षेप असा, की जवळ नसलेला माल विकून मंदीवाले चांगल्या कंपन्यांचे भाव पाडतात. अशा टोळ्या होत्या, हे नाकारत नाही. 1982 साली रिलायन्सवर त्यांनी विक्रीचा मारा केला. धीरूभाई अंबानींच्या बाजूच्या दलालांनी तो सगळा माल उचलला आणि सौदापूर्तीला शेअर हातात द्या म्हणून अडून बसले. द्यायला शेअर कुठे होते? मुंबई शेअर बाजार काही दिवस बंद ठेवावा लागला. पण त्यात होरपळले ते मंदीवालेच. सामान्य माणसाला बुडवणारे घोटाळे आठवा : 1992 हर्षद मेहता, 2001 केतन पारेख. दोघेही तेजीवाले, दोघांनीही बँकांच्या पैशावर भाव चढवले. मार्च 2001 मध्ये बाजाराची नियामक सेबीने शॉर्ट विक्रीवर बंदी घातली, तरी घसरण थांबली नाही आणि पारेखला कर्ज देऊन अडचणीत आलेल्या माधवपुरा मर्कंटाइल बँकेचे ठेवीदारही वाचले नाहीत. पुढे 7 जानेवारी 2009 रोजी सत्यम या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी कबूल केलं, की ताळेबंदातली पाच हजार कोटींहून अधिक रोकड अस्तित्वातच नव्हती. खोटा ताळेबंद उकरून काढण्यात ज्याचा स्वतःचा फायदा आहे, असा माणूस बाजारात हवाच. तो मंदीवाला असतो.

आता क्लासवाले. ते शिकवतात, "आधी विका, मग स्वस्तात घ्या." आपल्या चेंबूरच्या आरसीएफचा शेअर समजा 150 रुपयांना आहे आणि तुम्ही 100 शेअर शॉर्ट केले. कंपनी शून्यावर आली तरी मिळणार जास्तीत जास्त 15,000. भाव 400 झाला तर जाणार 25,000, आणि वर जायला छत नाही. ऑक्टोबर 2008 मध्ये पोर्शेने फोक्सवॅगनच्या जवळपास तीन चतुर्थांश शेअरवर पकड असल्याचं जाहीर केलं, तेव्हा तो शेअर शॉर्ट केलेले मंदीवाले सौदे मिटवायला उरलेल्या मूठभर शेअरवर तुटून पडले. भाव काही काळ 1,000 युरोंच्या वर गेला. ही जगातली मुरलेली माणसं होती.

आपल्याकडे रोखीच्या बाजारात शॉर्ट केलेला शेअर त्याच दिवशी परत घ्यावा लागतो. दुपारी कसलीशी बातमी येते, छोटा शेअर अप्पर सर्किटला, म्हणजे दिवसभरात चढण्याच्या कमाल मर्यादेला जातो, पडद्यावर विकणाऱ्यांची रांग रिकामी. साडेतीन वाजतात. तुम्ही विकलेला माल तुमच्याकडे नाही, म्हणून एक्सचेंज लिलावात तो तुमच्या खर्चाने घेतं. तिथेही कोणी विकणारा नसेल, तर हिशेब बाजारभावाच्या 20 टक्के वर किंवा सौद्यापासून लिलावापर्यंतच्या सर्वोच्च भावाने, जो जास्त असेल त्याने होतो. ठरावीक भावाला आपोआप सौदा मिटवणारा स्टॉप लॉस लावला होता, हे उत्तर इथे चालत नाही. समोर विकणारा नसेल तर स्टॉप लॉस पुरा व्हायचा कसा? वायदे-ऑप्शनची वाट याहून निसरडी. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत तिथल्या 93 टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांना तोटा झाला, असं सेबीचाच अभ्यास सांगतो. त्यात तेजीवालेही आले, पण "पडत्या बाजारात कमवा" म्हणणाऱ्याने हा आकडा लपवणं ही फसवणूकच आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. मंदी कायदेशीर राहावी, पण ती उसनवारीने व्हावी. 2008 पासून आपल्याकडे निवडक शेअर भाडं देऊन उसने घेण्याची सोय आहे, एसएलबी म्हणतात ती. व्यवहाराची हमी क्लिअरिंग कॉर्पोरेशन घेते. वर्षानुवर्षं डीमॅटमध्ये शेअर सांभाळणाऱ्या ज्येष्ठाला त्यातून भाड्याचे चार पैसे मिळू शकतात, पण ही सोय त्याला सांगतं कोण? दलालांनी ती सांगावी. आणि शॉर्टचा सौदा टाकण्याआधी भाव 5, 10, 20 टक्के चढला तर खिशातून किती रुपये जातील, त्या शेअरची सर्किट मर्यादा किती, लिलावात गेला तर काय होईल, हे ग्राहकाच्या मोबाइलवर मराठीत दिसलंच पाहिजे. सेबीने हे सक्तीचं करावं.