खराडी ते जोहान्सबर्ग : विमानतळ शेजारी, वाट मात्र वळणाची

खराडीतील आयटी पार्कमधून लोहगावचा विमानतळ गाठण्यास अर्धा तास पुरतो. अर्थात वाहतूक कोंडी नसेल तर. तरीही कंपनीच्या कामासाठी जोहान्सबर्गला निघालेला येथील अभियंता बहुधा आधी मुंबईचा रस्ता धरतो. लोहगावहून परदेशी सेवा मोजक्याच. धावपट्टी हवाई दलाची, लांबी अडीच हजार मीटरच्या आसपास. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या दुरुस्तीसाठी विमानतळ १६ ते २९ तारखेपर्यंत पूर्ण बंद राहिला. २०२४ मध्ये नवे टर्मिनल सुरू झाले, पण त्याने धावपट्टी लांबली नाही. आठ-नऊ तासांचे इंधन भरलेले मोठे विमान तेथून उडवणे कठीणच.

मात्र खरी अडचण मुंबईतच आहे. वर्णद्वेषी राजवटीमुळे १९४६ पासून तोडलेला व्यापार १९९३ नंतर पूर्ववत झाला आणि साउथ आफ्रिकन एअरवेजची मुंबई-जोहान्सबर्ग सेवा रुळली. फुटबॉल विश्वचषकाच्या वर्षी, २०१० मध्ये, जेट एअरवेजही या मार्गावर उतरली. दोन-तीन वर्षांतच तिने माघार घेतली. तोट्यात रुतलेल्या साउथ आफ्रिकनने २०१५ मध्ये मुंबई सोडली आणि त्याच सुमारास अबुधाबीची सेवा सुरू केली. भारतीय प्रवासी आखातातून आणावा, हाच त्यामागील हिशेब.

हा हिशेब नकाशावर विचित्र दिसतो. मुंबई ते जोहान्सबर्ग सुमारे सात हजार किलोमीटर. दुबई ते जोहान्सबर्ग सुमारे ६,४०० किलोमीटर. म्हणजे तीन तास उडून दुबईला पोहोचलेल्या प्रवाशापुढे थेट प्रवासाइतकेच अंतर जवळपास शिल्लक असते. पण आखाती कंपनी एकाच विमानात पुणे-मुंबईसह अनेक भारतीय शहरांतील आणि युरोपातील प्रवासी भरते. थेट विमानाला केवळ दोन शहरांच्या मागणीवर आसने भरावी लागतात. ती भरत नाहीत. अदिस अबाबाचा मार्ग नकाशावर अधिक सरळ, मात्र तेथून परतताना पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ असलेला बरा. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, तीही अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते. ऐनवेळी पाठवल्या जाणाऱ्या कर्मचाऱ्याला हे जमणे अवघड.

पुरंदरच्या नियोजित विमानतळाकडे यावरील उपाय म्हणून बोट दाखवले जाते. तेथील सात गावांतील शेतकऱ्यांचा जमिनी देण्यास विरोध राहिला आहे. तो सुटून लांब धावपट्टी झाली, तरी कंपन्या रोज किती प्रवासी मिळतील हेच आधी विचारतील, आणि मुंबईलाही या प्रश्नाचे उत्तर देता आलेले नाही.