सेल्फचा आवाज ओळखा

पुणे-सातारा महामार्गालगतच्या वरवे बुद्रुकसारख्या गावात जुनी पिकअप म्हणजे घरातला कमावता माणूसच. फजरच्या आधी माल भरून गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे निघायचं, आणि नेमका तेव्हाच सेल्फ कुरकुरतो. मग घरची पोरं धक्क्याला लागतात. शाळेत आम्ही विजेचा पाठ शिकवतो, तोच इथे कामी येतो. आवाज नीट ऐकला तर दोष बहुतेक वेळा घरीच कळतो.

किल्ली फिरवली की सोलेनॉइड बेंडिक्सचं छोटं चाक फ्लायव्हीलच्या दातेरी रिंगमध्ये अडकवतो आणि मोटरला करंट देतो. इंजिन सुरू झालं की चाक मागे येतं. आता एकेक आवाज पाहू.

भराभर ‘टक-टक-टक’: हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल मळलेत, सैल झालेत. आधी निगेटिव्ह वायर काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनल पुसा, कोरडे करून घट्ट आवळा. इंजिनची अर्थिंगची वायरही तपासा.

एकच ‘टक’ आणि शांतता, दिवे मात्र तेजच: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत.

मोटर ‘घुंऽऽ’ फिरते, इंजिन हलत नाही: बेंडिक्स घसरतोय.

‘खर्रऽऽ’ असा दात घासल्याचा आवाज: बेंडिक्सचे किंवा रिंगचे दात गेलेत, नाहीतर सेल्फचे बोल्ट सैल आहेत. इथे चालढकल नको. बेंडिक्स सेल्फ खोलून बदलता येतो. रिंग गेली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च कितीतरी वाढतो.

इंजिन सुरू झाल्यावरही किंचाळणं: चाक मागे आलेलं नाही. गाडी लगेच बंद करा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावं, नाहीतर मोटर तापून जळते. स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ मारण्याची सवय तर सोडाच. गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर थेट अंगावर येते. पूर्वी हँडल उलटं फिरून माणसांचे हात मोडायचे. म्हणून तर 1912 साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा सेल्फ आला. जी वस्तू जीव वाचवायला आली, तिने जीव धोक्यात घालू नये.

गॅरेजमध्ये गेल्यावर नुसतं ‘सेल्फ खराब आहे’ म्हणू नका. आवाज कोणता आणि दिवे मंदावतात का, एवढं सांगा. दोन ब्रशांच्या कामासाठी अख्खा सेल्फ बदलण्याची वेळ येणार नाही.