अक्कांचा तंबोरा

२०२५ च्या रामनवमीस आमच्या माजघरांत सौ. सूनबाईंचें गायन झालें. लंडनास भाच्याकडे असलेल्या आमच्या अक्कांस आतां प्रवास झेपत नाहीं. म्हणून नातवानें मोबाईल उभा करून झूमवरून तें थेट त्यांस ऐकविलें. "गाणें गोड, पण तंबोरा कां घेतला नाहीं?" अक्कांनीं विचारिलें. तंबोरा तर आम्हीच छेडीत होतों!

शोधाअंतीं कळलें कीं, संभाषण स्पष्ट व्हावें म्हणून हें साधन अखंड, एकसारखा नाद गोंगाट समजून गाळून टाकतें. पंख्याची घरघर नि षड्जाची आस त्याच्या लेखीं एकच! झूममध्यें 'ओरिजिनल साउंड' निवडल्यास नाद शाबूत राहतो. पण मग पंखाहि ऐकूं जातो. आषाढींत तो बंद करून आम्ही घामाघूम बसलों.

अक्कांचा निरोप आला : "पंचम किंचित् उतरला आहे."