शेऱ्याचा रकाना वगळू नका

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव (सेवा),
सामान्य प्रशासन विभाग, मंत्रालय, मुंबई.

विषय : सेवापुस्तके संगणकावर चढवण्याबाबत.

महोदय/महोदया,

‘उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की’ हे वाक्य लिहिण्यात माझी एकतीस वर्षं गेली. आज ते न लिहिता मंत्रालयाला पहिल्यांदाच पत्र पाठवतोय. तालुक्याच्या ठिकाणी आस्थापना शाखेत लिपिक म्हणून लागलो, अधीक्षक होऊन निवृत्त झालो. जन्मतारीख १ जून, म्हणून निवृत्ती ३१ मेची. त्या दिवशी कार्यालयात चौघांना शाल-नारळ मिळाला आणि चौघांचाही जन्म १ जूनचाच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली ती तारीख. आईला विचारलं तर ती एवढंच सांगायची की पेरण्या व्हायच्या होत्या.

सरकारी नोंद अशी जन्माला येते आणि एकदा आली की तीच खरी. जन्मतारखेची दुरुस्ती मागायला नियमाने नोकरीची पहिली पाच वर्षं मिळतात. नंतर खुद्द आईने येऊन सांगितलं तरी उपयोग नाही.

मी संगणकाच्या विरोधातला नाही. सेवार्थ प्रणाली येण्याआधी पगारबिलं आम्ही हाताने लिहायचो. महिन्याची वीस तारीख उलटली की घरचं जेवण गार व्हायचं, आणि बेरजेतल्या एका चुकीपायी कोषागारातून अख्खं बिल परत यायचं. सेवार्थ आली आणि बोटांवरचा कार्बनचा निळा डाग गेला. पण पगारबिल महिन्याभराचं असतं. त्यात चूक झाली तर माणूस दुसऱ्याच दिवशी टेबलाशी येऊन उभा राहतो. सेवापुस्तक तीस-पस्तीस वर्षांचं. त्यातली चूक मुकाट बसून राहते आणि निवृत्ती तोंडावर आली, पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं, की तोंड उघडते.

आमच्याकडे सेवापुस्तकांची माहिती भरण्यासाठी वरून तक्ता आला. भरायला कंत्राटी ऑपरेटर. मुलगा हुशार होता, पण दिवसाला किती पुस्तकं उरकायची ते त्याला ठरवून दिलेलं. एका शिपायाच्या सेवेत आठ महिन्यांचा खंड होता. तो क्षमापित केल्याच्या आदेशाचा क्रमांक शेऱ्याच्या रकान्यात, कुणा जुन्या हेडक्लार्कच्या मुंगीएवढ्या अक्षरात, आडवा लिहिलेला. तक्त्यात खंडाला रकाना होता, शेऱ्याला नव्हता. मुलाने खंड भरला आणि पान उलटलं. खंडाआधीची सहा वर्षं संगणकाच्या लेखी गळाली.

मी ते पुस्तक पूर्वी हाताळलेलं होतं म्हणून चूक सापडली. पुढे चौदा महिने पत्रव्यवहार चालला. वरचं कार्यालय त्याच्या वरच्याकडे बोट दाखवी, ते म्हणे कंपनीला कळवलंय. मूळ पुस्तक आमच्याच कपाटात होतं. कागदावर चूक झाली तर लाल शाईने रेघ मारायची, बाजूला बरोबर नोंद करायची, अधिकाऱ्याची तारखेसह सही घ्यायची, हे आमच्यातल्या नव्या पोराला सुद्धा ठाऊक. पडद्यावर ती रेघ मारायचा अधिकार कोणाला, हे मात्र कुणालाच सांगता येईना.

आपण म्हणाल, एका तालुक्यातली गोष्ट. मग कॅनडाचं पाहा. तिथल्या केंद्र सरकारने २०१६ साली ‘फिनिक्स’ नावाची पगाराची प्रणाली सुरू केली. वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा हिशेब होता. ती बचत दिसावी म्हणून खात्याखात्यांतून पगाराचं काम पाहणारी जुनी माणसं आधीच कमी केली आणि बरंचसं काम मिरामिची नावाच्या एका लहान गावातल्या केंद्रात नेलं. कुणाला पगार नाही, कुणाला अर्धा, कुणाला जास्त देऊन मग वसुली. २०१७च्या मध्याला दीड लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या तक्रारी पडून होत्या, असं त्यांच्याच महालेखापरीक्षकांनी नोंदवलं. कॅनडात पैशांची टंचाई नव्हती, तंत्रज्ञांचीही नव्हती. शेरा वाचता येणारी माणसं मात्र त्यांनी आधीच घरी पाठवली होती.

आपल्याकडे आस्थापना लिपिकांच्या रिकाम्या खुर्च्या भरायच्या राहतात तेव्हा मला ते गाव आठवतं.

एक कबुली देतो. कर्मचाऱ्याला दरवर्षी सेवापुस्तक दाखवून त्याची सही घ्यावी असा नियम आहे. आम्ही सह्या घेत होतो, पण गठ्ठ्याने. ‘इथे कर, इथे कर’ म्हणत पानं उलटायची. वाचायला कुणी मागितलं तर आमच्याच कपाळाला आठी पडायची. त्या शिपायाने आपल्या सेवेचा तो शेरा कधी वाचला असेल असं मला वाटत नाही.

म्हणून विनंती अशी की, संगणकातल्या नोंदींवर कुलूप घालण्याआधी प्रत्येक कर्मचाऱ्याला एक दिवस द्या. एका बाजूला जुनं पुस्तक, दुसऱ्या बाजूला पडदा, मध्ये आस्थापनेचा माणूस. नोंद मराठीत वाचून दाखवायची, मग सही. गट-ड मधल्या सफाई कामगाराला ‘ओटीपी आला का’ असं विचारू नका. तो मोबाइल पुतण्याकडे असतो आणि पुतण्या पुण्यात. दुरुस्तीचा अधिकार आहरण व संवितरण अधिकाऱ्याकडे ठेवा. जुनी नोंद पुसली न जाता खोडलेली दिसू द्या, खोडणाऱ्याच्या नावासकट. आणि तक्त्यात शेऱ्याला जागा ठेवा, हव्या तेवढ्या लांबीची.

यंत्राकडून काम घ्यायचंच असेल तर ते वेतननिश्चितीचं घ्या. गट-क आणि गट-ड मधल्यांना चुकून जास्त दिलेलं वेतन वसूल करू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं. तरी निवृत्तीच्या वेळी अशी वसुली निघाल्याचं ऐकू येतं. जुलैची वेतनवाढ नियमात बसत नसेल तर ती त्याच जुलैत अडवावी. संगणकाला ते जमेल, आम्हाला कधी जमलं नाही.

असा वाचनाचा दिवस कुठल्याही तालुक्यात ठरला तर मला कळवा. मी येईन, भत्ता नको. जुनं बारीक अक्षर मला अजून लागतं.

आपला,
एक सेवानिवृत्त अधीक्षक

सोबत : काही नाही. मूळ पुस्तक कार्यालयातच आहे.