‘कुंडल’ शोधलं, कानातले मिळाले!

समजा, तुम्ही कुंडलचे आहात. रोज एसटीनं पलूसला नाहीतर तासगावला कॉलेजला जाता. सरांनी प्रोजेक्ट दिलाय, ‘आपल्या गावाचा इतिहास’. सोपंय की! १९४३ सालचं प्रतिसरकार, क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना, सगळं आपल्याच गावात घडलेलं. मोबाइल काढायचा, गावाचं नाव टाकायचं आणि कॉपी-पेस्ट करायचं.

नाव टाकलं की समोर काय येतं? बऱ्याचदा कानातले. सोन्याचे, चांदीचे, ऑक्सिडाइज्ड. मग ‘कुंडली’ म्हणायचंय का, अशी विचारणा. त्यातून पुढे सरकलात, तर गावातल्या वन प्रशिक्षण अकादमीचं नाव. तुफान सेना कुठं तरी खाली, तीही तुम्ही तेवढं स्क्रोल केलंत तर.

यात मशीनची चूक आहे, असं मला वाटत नाही. ‘कुंडल’ म्हणजे कानातला दागिना हे खरंच आहे, आणि देशभरात हा शब्द टाइप करणाऱ्यांत दागिने शोधणारेच जास्त असणार. सर्च इंजिन अंदाज बांधतं. तुम्ही टाकलेले शब्द, फोनची भाषा, तुम्ही उभे आहात ती जागा आणि याआधी तुम्ही काय काय बघितलंय, यावरून. हा अंदाज आपण किती सुधारू शकतो आणि त्याच्या बदल्यात आपल्याबद्दल किती सांगून बसतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्याकडे मात्र त्यांची सरसकट मिसळ होते. ‘प्रायव्हसीवाला ब्राउझर टाक, भावा, सगळं मस्त होतंय’ असं सांगणारा मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच.

आधी पहिला प्रश्न. निकाल आपल्याला हवे तसे मिळवायला नवीन अ‍ॅप लागत नाही. अवतरण चिन्हात टाकलेले शब्द त्याच क्रमानं शोधले जातात. नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह टाकलं की ती पानं गळतात. ‘कुंडल’च्या पुढे ‘पलूस’ किंवा ‘औंध संस्थान’ टाकून बघा, चित्र लगेच बदलेल. औंध का? कारण त्या काळी कुंडल औंध संस्थानात होतं, थेट ब्रिटिश मुलखात नव्हतं. ही गोष्ट माहीत असलेल्याला वेगळी पानं सापडतात आणि नसलेल्याला कानातले. सर्च चांगला व्हायला आधी थोडं माहीत असावं लागतं, हा यातला जरा वैतागवाणा भाग.

स्पेलिंगचा घोळ तर विचारूच नका. कुणी ‘प्रतिसरकार’ जोडून लिहितं, कुणी ‘प्रति सरकार’ तोडून, आणि लोकांच्या तोंडी ‘पत्री सरकार’. इंग्रजीत आणखी वेगळं. एकाच शब्दावर थांबलात तर निम्मं साहित्य दिसणारच नाही. चारही पद्धतींनी शोधा. एखाद्या विशिष्ट वेबसाइटच्या आतच शोधायचं असेल, तर ‘साइट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून वेबसाइटचा पत्ता. (मराठी कीबोर्डवरचा विसर्ग नव्हे, कोलनच. या एका टिंबाच्या घोळात अनेकांनी ही युक्ती ‘चालत नाही’ म्हणून सोडून दिलीय.) पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळावर हे करून बघा. ७ जून १९४३ रोजी तुफान सेनेनं शेणोलीजवळ पगार घेऊन जाणारी रेल्वे लुटली, त्यात सामील असलेल्या कुंडलच्या ‘कॅप्टन भाऊं’ची त्यांच्याच तोंडून ऐकलेली हकिगत तिथं मिळते, तीही मराठीत. साध्या सर्चमध्ये ती पहिल्या पानावर येईलच याची खात्री नाही.

आणखी एक जागा सहसा कुणी बघत नाही. गुगलच्या निकालांच्या पानावर पार तळाशी जा. तिथं तुमचं ठिकाण लिहिलेलं असतं आणि ते कशावरून ओळखलं हेही. कधी इंटरनेटच्या पत्त्यावरून, कधी तुमच्या आधीच्या हालचालींवरून. कुंडलमध्ये बसून तिथं सांगली किंवा पुणे लिहिलेलं दिसलं तर चकित होऊ नका. मोबाइल नेटवर्कवरून काढलेलं ठिकाण असंच ढोबळ असतं. ‘जवळचं झेरॉक्स सेंटर’ भलत्याच गावचं का दाखवलं, त्याचं उत्तर इथं असतं. निकाल तुमच्या सवयींवरून लावले असतील, तर तसं सांगणारी ओळ आणि ‘पर्सनलायझेशनशिवाय बघा’ असा पर्यायही याच भागात येतो.

वरचा एआयचा परिच्छेद नको असेल, तर निकालांच्या वरच्या पट्टीत, कधी ‘आणखी’च्या आत, ‘वेब’ नावाचा टॅब आहे. गुगलनं तो मे २०२४ मध्ये आणला. तिथं फक्त लिंक दिसतात, जुन्या काळासारख्या. प्रोजेक्टला मी तोच वापरा म्हणेन. एआयच्या परिच्छेदात सन चुकला तर तो कुणाचा चुकला हे कळत नाही, लिंकमध्ये निदान लेखकाचं नाव तरी असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलनं भारत आणि अमेरिकेत बातम्यांसाठी आपल्या पसंतीचे स्रोत निवडायची सोयही दिली. छान आहे, पण त्यात आपणच आपल्याभोवती कुंपण घालून घेतो. एली पॅरिसर यांनी २०११ मध्ये ‘फिल्टर बबल’ हा शब्द रूढ केला तेव्हा तक्रार होती, की मशीन आपल्याला बुडबुड्यात ठेवतं. आता बुडबुड्याची मापं आपणच द्यायची.

आता दुसरा प्रश्न. आपण शोधतो तेव्हा आपल्याला कोण बघतंय?

शहरातल्या लेखांमध्ये प्रायव्हसी म्हणजे कुठली तरी परदेशी कंपनी आणि तिचा सर्व्हर. गावात प्रायव्हसीचा पहिला प्रश्न घरातला असतो. फोन एकच, तो कधी दादाकडे, कधी आईकडे, रात्री अभ्यासाला बहिणीकडे. अकरावीतल्या मुलीनं त्या फोनवर ‘पाळी दोन महिने आली नाही’ असं शोधलं, तर तिला हवी असते एक साधी वैद्यकीय माहिती. कारण ताण, थायरॉइड किंवा पीसीओडी असं काहीही असू शकतं. पण दुसऱ्या दिवशी भावानं ‘पा...’ एवढं टाइप केलं की खालच्या यादीत तिचा अख्खा प्रश्न हजर. यूट्यूबवर तेच व्हिडिओ, जाहिरातीत तेच औषध. त्यानंतर घरात काय होतं, ते कुठल्याही कंपनीच्या प्रायव्हसी पॉलिसीत लिहिलेलं नसतं.

इथं कामाला येणाऱ्या गोष्टी अगदी साध्या आहेत. गुगल अ‍ॅपमध्ये आपल्या फोटोवर टॅप केलं की ‘शेवटची १५ मिनिटं डिलीट करा’ असा पर्याय येतो. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी’ पूर्ण बंद करता येते, किंवा ३, १८ अथवा ३६ महिन्यांनी आपोआप पुसायला लावता येते. २०२० नंतर उघडलेल्या खात्यांना मुळात १८ महिने लावलेले असतात. दीड वर्ष! ते ३ वर आणायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

आणि इनकॉग्निटो? घरातल्यांपासून लपायला तो बरा आहे. खिडकी बंद केली की त्या फोनवर हिस्ट्री राहत नाही. पण ‘मी अदृश्य झालो’ असं वाटत असेल, तर अमेरिकेतला एक खटला वाचा. इनकॉग्निटोमध्ये असतानाही गुगल माहिती गोळा करतं, असा दावा २०२० मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झाला. एप्रिल २०२४ मध्ये तडजोडीच्या अटी कोर्टापुढे आल्या. गुगलनं अब्जावधी नोंदी नष्ट करायचं आणि इनकॉग्निटो उघडताना दिसणारी सूचना अधिक स्पष्ट करायचं मान्य केलं. कॉलेजच्या वायफायवरून तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, हे नेटवर्क चालवणाऱ्याला तरीही कळतं. त्या साइटवर कुठलं पान वाचलंत, हे सहसा कळत नाही, एवढाच दिलासा.

मग बदलायचा तर कुठला ब्राउझर? अँड्रॉइडवर माझी पहिली पसंती फायरफॉक्स. कारण भावनिक नाही, तांत्रिक आहे. त्यात मोबाइलवरही ‘यूब्लॉक ओरिजिन’सारखी एक्स्टेन्शन्स चालतात, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये ती सोय नाही. एका साइटवरून दुसऱ्या साइटवर तुमचा माग काढणाऱ्या थर्ड पार्टी कुकीज बंद करू, असं गुगलनं २०२० मध्ये जाहीर केलं होतं. तारखा पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये माघार घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्या राहणार हे पक्कं केलं. जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीकडून दुसरी काय अपेक्षा? आपला डेटा पॅक दिवसाला दीड जीबी असेल, तर ट्रॅकर आणि जाहिराती अडवल्यानं पानंही हलकी होतात, हा फायदा वेगळाच. एसटीत रेंज एका दांडीवर आली की तो कळतो.

पण इथंही कुणी धुतल्या तांदळाचं नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गुगलकडूनच येतं, गुगलला डिफॉल्ट सर्च ठेवल्याबद्दल. ब्रेव्ह हा ब्राउझर २०२० मध्ये पकडला गेला, क्रिप्टोच्या एका साइटचा पत्ता टाइप केला की तो स्वतःच त्यात आपला कमिशनचा कोड जोडत होता. माफी मागितली, बंद केलं. डकडकगो सर्च तुमची हिस्ट्री साठवत नाही, पण त्याचे बरेच निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगमधून येतात. २०२२ मध्ये त्यांच्या ब्राउझरनं मायक्रोसॉफ्टच्या काही ट्रॅकरना सूट दिल्याचं उघड झालं, टीका झाल्यावर धोरण बदललं. स्टार्टपेज तुमची ओळख काढून टाकून गुगलचेच निकाल आणून देतं. आणि जुलै २०२० च्या सुरुवातीला डकडकगोच भारतातल्या काही नेटवर्कवर काही दिवस उघडत नव्हतं, हेही विसरू नका.

एक गोष्ट मात्र रोखठोक सांगायला हवी. मराठीतून आणि गावपातळीवरचं काही शोधायचं असेल, तर या पर्यायांचे निकाल अनेकदा तोकडे पडतात. तुमची जागा आणि सवयी माहीत नसलेलं इंजिन पलूस तालुक्यातला पंक्चरवाला कुठून दाखवणार? म्हणून एकदम सगळं बदलण्यापेक्षा वाटणी करावी. नकाशा, दुकानं, कॉलेजचं ईमेल एका ब्राउझरमध्ये. आजारपण, कर्ज, नातेसंबंध, राजकारण यांचे प्रश्न दुसऱ्यात, आणि त्या दुसऱ्यात गुगल खात्यात लॉगइन करायचं नाही. ब्रेव्ह उघडून त्यात जीमेलला लॉगइन करून गुगलवर शोधणारे लोक मी पाहिलेत. दार बदललं, पण हजेरीवहीत सही केलीच.

तरी बहुतेक जण काहीच बदलत नाहीत. फोन मिळाला तसाच वापरतात, आणि कंपन्यांचा सगळा धंदा यावरच उभा आहे. डिफॉल्ट राहण्यासाठी गुगलनं २०२१ या एका वर्षात जगभरात २,६३० कोटी डॉलर मोजले, हे अमेरिकेतल्या खटल्यात बाहेर आलं. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी (जन्म गुजरातेतल्या पाटणचा, आपल्या साताऱ्याच्या पाटणचा नव्हे; सर्च करताना इथंही गोंधळ व्हायचा) गुगलनं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय ठरवताना मात्र क्रोम विकायला लावलं नाही. एकाधिकाराचे करार बंद आणि काही डेटा स्पर्धकांना द्यायचा, इतकंच. डिफॉल्टसाठी पैसे मोजायला पूर्ण बंदी नाही.

आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गुगलनं जाहीर केलं, की भारतात नवा फोन सुरू करताना सर्च इंजिन निवडायचा पर्याय दिसेल. आता खरं सांगा, नवा फोन घेतल्यावर ते पान तुम्ही वाचलंत? दुकानातल्या मुलानंच सिम टाकून, ‘नेक्स्ट नेक्स्ट’ करून फोन हातात दिला असेल. दिल्लीत लढून मिळवलेला पर्याय पलूसच्या मोबाइल शॉपीत चार सेकंदांत संपतो. हरकत नाही, सेटिंगमध्ये जाऊन तो नंतरही बदलता येतो.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. त्यावर बेतलेला डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. हा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो. म्हणजे अकरावी-बारावीतले तुम्ही जवळजवळ सगळे. तुमचा डेटा वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागेल, तुमच्या वागण्यावर पाळत ठेवून तुम्हाला जाहिराती दाखवायला बंदी असेल (सरकारनं काही सवलती ठेवल्यात), आणि मोडल्यास दंड कोटींच्या घरात. यात एक गंमत आहे. ज्या मुलीला पाळीबद्दलचा प्रश्न घरच्यांपासून लपवून विचारायचा होता, तिला आता खातं उघडायलाच घरच्यांची संमती लागेल. तिला आधी कुणापासून जपायचं, कंपनीपासून की घरापासून, याचा विचार नियम लिहिणाऱ्यांनी फारसा केलेला दिसत नाही.

शिवाय कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे, म्हणजे मे २०२७ पर्यंत. नियम आले तेव्हा अकरावीत असलेली पोरं तोवर बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली असतील, आणि त्यातली बरीचशी १८ ओलांडून गेलेली.