कमांडोंची गाडी आणि विरळ हवा

संरक्षण संशोधनाची बातमी म्हटली की क्षेपणास्त्राचे उड्डाण डोळ्यांपुढे येते. विशेष दलांच्या हलक्या गाड्यांची बातमी मात्र एक छायाचित्र, छतावरची मशिनगन आणि ‘स्वदेशी’ हा शब्द एवढ्यावरच आटोपते. या गाड्यांतला खरा वैज्ञानिक प्रश्न छायाचित्रात दिसत नाही, कारण तो हवेचा आहे.

पूर्व लडाखमधील उमलिंग ला खिंडीतला रस्ता १९,०२४ फुटांवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. इंजिनाजवळ इंधन असते, पण ते जाळायला पुरेसा प्राणवायू नसतो. टर्बोचार्जर ही उणीव बरीच भरून काढतो. त्यासाठी त्याला अधिक वेगाने फिरावे लागते आणि त्या वेगालाही मर्यादा आहे. शिवाय विरळ हवा रेडिएटरमधली उष्णता कमी वाहून नेते. बाहेर कडाक्याची थंडी असताना चढावर इंजिन तापावे, हे सपाटीवरच्या माणसाला पटत नाही! डिझेलही थिजते, म्हणूनच इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी आणले.

अशा ठिकाणी चिलखताची मागणी जपून करावी. एक सेंटिमीटर जाड पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला ७८ किलोंहून अधिक भरते. चारी बाजू झाकल्या की ॲक्सल, ब्रेक, सस्पेन्शन सारेच जड करावे लागते आणि हेलिकॉप्टरमधून नेता येणारी गाडी रस्त्याला बांधली जाते. लष्कराने २०२१ मध्ये महिंद्राकडे १,३०० हलक्या चिलखती गाड्या मागवल्या, ते योग्यच झाले. परंतु शत्रूच्या मुलखात शिरून परतणाऱ्या लहान तुकडीचे संरक्षण तिच्या वेगात आणि लपण्यात असते. दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घेण्याचा मोह जवानांना महागात पडेल. जुनी जिप्सी सैन्यात इतकी वर्षे टिकली ती, माझ्या मते, मुख्यतः हलकेपणामुळे.

माझा कौल हायब्रिड रचनेला आहे. विद्युत मोटारीला प्राणवायू लागत नाही आणि शेवटचे एक-दोन किलोमीटर ती जवळजवळ निःशब्द कापते. बॅटरी स्वतःचे वजन वाढवते, हे मान्य. थंडीत तिची क्षमता घटते, आणि शून्याखाली लिथियम बॅटरी घाईने चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडू शकते. इंजिनाची वाया जाणारी उष्णता बॅटरीकडे कशी वळवावी, हा म्हणूनच संशोधनाचा खराखुरा विषय ठरतो.

मोजक्या गाड्यांसाठी असे संशोधन करणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. तो भार सार्वजनिक निधीनेच उचलावा. अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या संस्थेच्या हाताशी उंचावरचे बारमाही चाचणी केंद्र असावे, आणि दाब, तापमान, शक्ती यांची गोपनीय नसलेली मोजमापे अभियांत्रिकी महाविद्यालयांना खुली असावीत.

पिथमपूरच्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी विद्यार्थी दहा अश्वशक्तीच्या इंजिनावर खडकाळ वाटेची गाडी उभी करतात. तीच गाडी एकदा लेहला, ३,५०० मीटरवर, नेऊन मोजावी. टर्बो नसलेल्या त्या इंजिनाची सुमारे एक तृतीयांश शक्ती तेथे गळालेली आढळेल.