समुद्रतळींचा राजपुत्र

गेल्या दिवाळींतील गोष्ट. आमच्या महालांतील जुन्या वाड्यांत चार बिऱ्हाडांचीं मिळून नऊ मुलें जमलीं होतीं. फराळाचे डबे निम्मे झाले, पत्त्यांच्या जोडांतील राजे हरवले, आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं दुपारीं दंगा अगदींच हाताबाहेर गेला. तेव्हां आमच्या पुतण्यानें दिवाणखान्यांतील दूरदर्शनसंचावर एक जुना इंग्रजी बोलपट लावून दिला. आम्ही कोपऱ्यांत वर्तमानपत्र वाचीत होतों. पहिल्या घटकेंतच तें मांडीवर राहिलें.

बोलपट होता '२०,००० लीग्ज अंडर द सी'. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याच्या कादंबरीवरून वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेनें तो १९५४ सालीं काढला. दिग्दर्शक रिचर्ड फ्लायशर. 'नॉटिलस' या अद्भुत पाणबुडीचा स्वामी कॅप्टन नेमो याच्या भूमिकेंत जेम्स मेसन. नांवानें वडील माणसेंहि फसतात. समुद्र वीस हजार लीग खोल आहे असा त्याचा अर्थ नव्हे. पाण्याखालून केलेला प्रवास तेवढा लांब आहे. लीग म्हणजे चार किलोमीटर धरल्यास हा प्रवास ८०,००० किलोमीटरांचा, म्हणजे पृथ्वीच्या दोन प्रदक्षिणांएवढा होतो. हा हिशेब आमच्या सातवींतील नातीनें बोटांवर करून दाखविला, व आम्हीं तिला एक चकली अधिक दिली.

संगणकानें घडविलेले चमत्कार रोज पाहणारीं हीं मुलें सत्तरांहून अधिक वर्षें जुन्या बोलपटाला हंसतील अशी आमची अटकळ होती. ती खोटी ठरली. कोंकणांत ज्याला माकूळ म्हणतात त्या जातीचा एक राक्षसी जीव पाणबुडीला विळखा घालतो, तो प्रसंग येतांच नऊहि मुलें एकमेकांस चिकटून बसलीं. या प्रसंगाची कथा बोधप्रद आहे. प्रथम तो शांत समुद्रावर, सायंकाळच्या प्रकाशांत चित्रित केला होता. परंतु कृत्रिम जीवाला हालविणाऱ्या तारा दिसूं लागल्या व सारेंच हास्यास्पद झालें. तेव्हां तो प्रसंग टाकून देऊन रात्र, पाऊस आणि वादळ यांत तो पुन्हां घेतला. उणीव झांकण्यासाठीं आणलेल्या वादळानेंच त्या प्रसंगांत प्राण ओतला. दृश्यचमत्कारांचें व कलादिग्दर्शनाचें अशीं दोन ऑस्कर पारितोषिकें या बोलपटास मिळालीं. आमच्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१९ सालीं 'कालिया मर्दन' मध्यें आपल्या चिमुकल्या मंदाकिनीला कृष्ण करून पाण्यांतील सर्पाशीं झुंजविलें, तें या ठिकाणीं आठवल्यावांचून राहत नाहीं.

बोलपट अर्ध्यावर आला असतां धाकट्या नातवानें विचारलें, "आजोबा, हा नेमो कोणत्या देशाचा?"

प्रश्न साधा, पण बोलपटांत त्याचें उत्तर नाहीं. एका द्वेष्य राष्ट्रानें आपल्या बायकोमुलाचे प्राण घेतले एवढेंच नेमो सांगतो. तें राष्ट्र कोणतें व तो स्वतः कोठला, हें गुलदस्तांत राहतें. 'नेमो' या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळीं 'कोणी नाहीं' असा आहे. उत्तर व्हर्ननें दिलें आहे, परंतु दुसऱ्या कादंबरींत.

मूळ कादंबरी १८६९-७० मध्यें पॅरिसच्या एका कुटुंबोपयोगी नियतकालिकांत क्रमशः आली. नेमो हा रशियाच्या झारशीं वैर धरणारा पोलिश सरदार असावा असा व्हर्नचा प्रथम मानस होता. पण रशियांतील ग्राहक दुखावतील या भीतीनें प्रकाशक हेट्झेल यानें तें मानलें नाहीं, आणि नेमो देशावांचून राहिला. पुढें १८७४-७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड' मध्यें व्हर्ननें रहस्य उघड केलें. नेमो म्हणजे बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र डक्कार! दहाव्या वर्षीं तो शिक्षणासाठीं युरोपांत गेला, विद्या संपादून १८४९ सालीं परतला, १८५७ च्या संग्रामांत लढला, आणि घरदार गमावून समुद्राच्या तळाशीं निघून गेला.

मुलें क्षणभर स्तब्ध झालीं. मग थोरला म्हणाला, "म्हणजे झांशीच्या राणीच्या बाजूचा?"

होय, त्याच बाजूचा. नागपूरच्या मुलांस हें समजाविणें कठीण नाहीं. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्यें निपुत्रिक वारले, आणि १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. भोसल्यांचें जडजवाहीर व हत्तीघोडे लिलावांत निघाले. आमचीं मुलें पतंग उडवितात तो महाल याच भोसल्यांचा. त्याच वर्षीं झांशीहि खालसा झाली. आणि झांशी बुंदेलखंडांतच आहे. व्हर्न हिंदुस्थानांत कधीं आला नाहीं. तरी राज्य हिरावलेल्या माणसाचा संताप त्यानें ओळखला. १९१६ च्या मूकपटांत नेमो हिंदी राजपुत्रच होता. डिस्ने यांच्या बोलपटांत तो धागा गळाला. पुढें २००३ सालीं दुसऱ्या एका इंग्रजी बोलपटांत आपल्या नसीरुद्दीन शहा यांनीं नेमो रंगविला, तेव्हां राजपुत्र जणूं घरीं परतला.

एवढ्यानें संपलें असतें तर हा मजकूर आम्हीं लिहिला नसता. बोलपटाच्या अखेरीस नेमो आपलें बेट, आपली विद्या व पाणबुडी यांसह बुडतो. तेव्हां नात म्हणाली, "युद्ध संपल्यावर तो घरीं कां नाहीं गेला?"

"घरच उरलें नव्हतें," आम्ही म्हणालों.

दारांत वाती वळीत बसलेल्या आमच्या वहिनी तोंवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "घर उरलें असतें तरी गेला नसता, बाळ. राग घराहून मोठा झाला कीं माणसाला परत फिरावयास दार दिसत नाहीं."

दिवाणखान्यांतील वडील माणसें एकमेकांकडे पाहीनाशीं झालीं. वाचकांपासून लपविण्यांत अर्थ नाहीं: आमचे धाकटे बंधु वाटणीच्या वादांत बावीस वर्षांपूर्वीं या वाड्यांतून गेले ते पुन्हां आले नाहींत. त्या वादांत त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चूक नव्हतें, हें आम्हांस पुष्कळ दिवस कळून चुकलें आहे. तें तोंडानें मात्र कधीं निघालें नाहीं. नेमोवर झालेला अन्यायहि खराच होता. परंतु त्या अन्यायाच्या बदल्यांत तो ज्यांना बुडवितो ते खलाशी त्याचे अपराधी नव्हते, आणि त्याच्या अपूर्व विद्येचा जगाला कांहींच उपयोग झाला नाहीं. हा बोलपट अजून जुना वाटत नाहीं, याचें कारण आमच्या मतें यंत्रांपेक्षां या दुःखांत अधिक आहे. पाणबुड्या पुढें खऱ्याच झाल्या. बोलपट निघाला त्याच वर्षीं अमेरिकेनें 'नॉटिलस' याच नांवाची अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी पाण्यांत सोडली. रागानें घर सोडणें मात्र तेव्हां होतें तसेंच आज आहे.

रात्रीं निजतांना मुलांस आम्हीं दुसऱ्या कादंबरीचा शेवट सांगितला. तेथें म्हातारा नेमो एका निर्जन बेटावर अडकलेल्या माणसांना गुप्तपणें साहाय्य करतो, आणि मरण जवळ आलें तेव्हां स्वतःच त्यांना बोलावून घेतो. इतक्या वर्षांनीं त्याला माणसें हवींशीं झालीं. "मग आधींच कां नाहीं बोलावलें?" असें धाकट्यानें विचारलें, आणि उत्तर ऐकण्यापूर्वींच तो झोंपीं गेला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं बंधूंना पत्र लिहिलें. वाटणीचा शब्द त्यांत नाहीं. चूक आमचीहि होती, वहिनी थकल्या आहेत, आणि नाताळच्या सुटींत मुलें पुन्हां तोच बोलपट पाहणार आहेत, एवढेंच कळविलें. वरच्या माडीवरील त्यांची खोली झाडून ठेवली आहे.